लग्न नाशिकचं, संसार न्यू जर्सीचा, घटस्फोट कुठला?

परदेशात राहणाऱ्या जोडप्याचं बिनसलं की सगळे विचारतात, 'का?' खरं तर तितकाच मोठा प्रश्न असतो, 'कुठं?' कोणत्या देशाच्या कोर्टात अर्ज जातो, यावर पैसा, मुलं, व्हिसा आणि पुढचं लग्नसुद्धा अवलंबून असतं. एमएससाठी बॅगा भरणाऱ्यांनी आणि ज्यांची ताई-दादा तिकडं आहेत त्यांनी हे वाचायलाच हवं.

समजा, दिवाळीची सुट्टी आहे. तुमची मावसबहीण, म्हणजे ताई, न्यू जर्सीहून नाशिकला माहेरी आली आहे. एकटीच. जिजूंना 'रजा मिळाली नाही'. भाऊबीज होते, फराळाचे डबे रिकामे होतात आणि एका सकाळी ताईच्या मोबाइलवर एक पीडीएफ येते. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. वर न्यू जर्सीच्या कोर्टाचं नाव, शेवटी जिजूंची सही. मावशी डोळ्याला पदर लावते, काका 'बघतोच त्याला' म्हणतात आणि थोड्या वेळानं तो मोबाइल फिरत फिरत तुमच्या हातात येतो. घरात इंग्रजी भराभर वाचणारे तुम्हीच ना! 'बघ जरा, काय लिहिलंय यात?'

यात लिहिलंय की जिजूंना घटस्फोट हवाय आणि ताईनं ३५ दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

ही ताई काल्पनिक आहे, पण गोष्ट नवी नाही. १९८९ मध्ये लग्न झालेल्या एका शिक्षिकेनं अमेरिकेतल्या नवऱ्याकडं जायचं म्हणून नोकरीचा राजीनामा दिला. काही महिन्यांनी तिच्या हातात कागद पडले ते तिकडच्या कोर्टात लग्न रद्द करण्यासाठी केलेल्या अर्जाचे. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९४ मध्ये कोर्टानं सुचवलं की, भारतात झालेलं असं लग्न परदेशी कोर्टाला रद्द करता येऊ नये, असा कायदा करा. तो झाला नाही. २०१९ मध्ये एनआरआय विवाहांच्या नोंदणीचं विधेयक राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८७व्या अहवालात पुन्हा तेच म्हटलं: या लग्नांसाठी एक सर्वसमावेशक कायदा हवा. तोवर ताईसारख्यांना आहे त्या कायद्यातूनच वाट काढावी लागते.

एक लग्न, दोन कोर्टं

'लग्न इथं झालं, म्हणजे घटस्फोटही इथंच होणार' असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. तसं नाही. 'आता ते तिकडचे झाले, त्यांना तिकडचाच कायदा' हेही पूर्ण खरं नाही. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी असू शकतात.

न्यू जर्सीत नवरा-बायकोपैकी एक जण वर्षभर राहत असेल, तर साधारणपणे तिथल्या कोर्टात घटस्फोट मागता येतो. लग्न कुठं झालं, सप्तपदी झाली की रजिस्टर, यानं त्या कोर्टाला फारसा फरक पडत नाही. कारणही सोपं चालतं: सहा महिन्यांपासून आमचे मतभेद मिटण्यापलीकडं गेलेत. चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही.

आता इकडचं बघा. हिंदू विवाह कायदा, १९५५. त्याच्या कलम १९ नुसार लग्न जिथं झालं, समोरची व्यक्ती जिथं राहते किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्ज बायकोचा असेल तर ती राहते तिथंही. म्हणजे ताईला नाशिकचं कोर्ट मोकळं आहे. पण इथं कारण लागतं: क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षांचा त्याग, अशी कायद्यात लिहिलेली. ते पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. 'आमचं जमत नाही' हे एकतर्फी कारण आपल्या कायद्यात नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं म्हटलं की, लग्न पार मोडून गेलं असेल तर संविधानाच्या कलम १४२ खाली आम्ही घटस्फोट देऊ शकतो. पण हा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा. खालच्या कोर्टांना तो नाही.

मग दोन देशांत एकाच वेळी दोन खटले चालले तर? चालतात! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली स्पष्टच लिहिलंय, परदेशात खटला सुरू आहे म्हणून भारतीय कोर्टाला तोच विषय ऐकायला मनाई नाही. युरोपियन युनियनच्या देशांमध्ये निदान एक नियम आहे: ज्या कोर्टात आधी अर्ज गेला ते पुढं चालवणार, दुसरं थांबणार. त्यामुळं तिथं जोडप्यांमध्ये 'पहिला अर्ज कुणाचा' अशी शर्यत लागते. भारत आणि अमेरिकेमध्ये असा नियमच नाही. फार तर एक कोर्ट आपल्या हद्दीतल्या नवऱ्याला किंवा बायकोला बजावू शकतं, की तिकडचा खटला पुढं चालवू नका.

सोयीचं कोर्ट शोधणं

आपल्याला फायद्याचं कोर्ट शोधून तिथं अर्ज टाकायचा, याला वकिली भाषेत फोरम शॉपिंग म्हणतात. हा प्रकार जुना आहे. १९३१ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यानं घटस्फोटासाठीची वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. न्यूयॉर्कसारख्या कडक कायद्याच्या राज्यांतले लोक रेल्वेनं रिनो शहरात यायचे, सहा आठवडे मुक्काम ठोकायचे आणि मोकळे होऊन परत जायचे. त्यांच्या मुक्कामावर तिथली हॉटेलं आणि रँच चालायचे.

लंडनचं नाव वेगळ्या कारणानं निघतं. २००० सालच्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं सांगितलं की, कमावणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात भेदभाव करू नका, वाटणी ठरवल्यावर ती समसमान वाटणीच्या फूटपट्टीवर तपासून बघा. तेव्हापासून कमी कमाई असलेल्या जोडीदाराला लंडन सोयीचं आणि जास्त कमाई असलेल्याला गैरसोयीचं वाटतं.

म्हणजे कोर्ट निवडणं हे काही फक्त कपटी नवऱ्यांचं काम नाही. ताईही निवडू शकते, दादाही निवडू शकतो. पण निवडताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: कुठं लवकर होईल आणि कुठं जास्त मिळेल. खरा फटका बसतो तो तिसऱ्या गोष्टीचा. तिथून मिळालेला कागद दुसऱ्या देशात चालेल का?

इकडं विवाहित, तिकडं घटस्फोटित

कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेलं एक प्रकरण आहे. १९७५ मध्ये तिरुपतीला हिंदू पद्धतीनं लग्न झालेलं जोडपं. पुढं नवऱ्यानं अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, ९० दिवसांच्या वास्तव्याच्या अटीवर, घटस्फोट मिळवला. कारण दिलं, लग्न सावरण्यापलीकडं मोडलंय. मग त्यानं भारतात दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोनं द्विविवाहाची फिर्याद दिली. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: मिसूरीचा हुकूमनामा भारतात मानला जाणार नाही, फिर्याद पुढं चालवा.

त्या निकालातला नियम सोप्या भाषेत असा. ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्या कायद्याला मान्य असलेलं कोर्ट हवं आणि त्याच कायद्यातलं कारण हवं. याला तीन अपवाद आहेत. एक, समोरची व्यक्ती त्या देशात कायमची राहत असेल आणि घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यातही असेल. दोन, समोरच्या व्यक्तीनं स्वखुशीनं त्या कोर्टाचा अधिकार मानून खटला लढवला असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल. तीन, समोरच्या व्यक्तीनं घटस्फोटाला संमती दिली असेल.

आता जिजूंचा अर्ज पुन्हा उघडा. कारण काय लिहिलंय? न मिटणारे मतभेद. हे हिंदू विवाह कायद्यात नाही. ताईची संमती नाही. म्हणजे उद्या न्यू जर्सीच्या कोर्टानं घटस्फोट दिलाच, तर जिजू तिकडं मोकळे आणि नाशिकच्या हिशेबानं मात्र अजून ताईचे नवरे. याला इंग्रजीत 'लिंपिंग मॅरेज' म्हणतात, म्हणजे लंगडं लग्न. एका देशात उभं, दुसऱ्या देशात पडलेलं.

हे नुसतं शब्दांचं कोडं नाही. असा माणूस भारतात येऊन दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा होऊ शकतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ताईनं 'झालं एकदाचं' म्हणून त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं, तर तीही त्याच अडचणीत. जिजूंच्या इथल्या फ्लॅटचा वारसा निघाला तर पहिली बायको वारस आहेच. म्हणून परदेशी कागद हातात आला की 'सुटलो' म्हणायच्या आधी तो इथं टिकतो का, हे विचारून घ्यायचं.

उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

घरातल्या मोठ्यांचा हमखास सल्ला असतो, 'काही उत्तर देऊ नकोस. ते कोर्ट आपल्याला लागूच नाही.' ऐकायला धीर देणारा वाटतो, पण यात मोठा धोका आहे.

ताई गप्प बसली तर न्यू जर्सीचं कोर्ट तिच्या अनुपस्थितीत निकाल देऊ शकतं. तो निकाल भारतात कदाचित टिकणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ सांगतं, दोन्ही बाजूंच्या गुणदोषांचा विचार न करता दिलेला, नैसर्गिक न्यायाला धरून नसलेला किंवा फसवणुकीनं मिळवलेला परदेशी निकाल इथं बंधनकारक नाही. पण ताईचा संसार कुठं आहे? घर, बँक खातं, गाडी, निवृत्तीची बचत, सगळं तिकडं. तिथली वाटणी तिची बाजू न ऐकता झाली, तर इथं 'आम्ही हे मानत नाही' म्हणून हाती काय लागणार?

बरं, तिनं उत्तर दिलं तर? जिजूंचे वकील इथं म्हणणार, 'त्यांनी तिकडच्या कोर्टाचा अधिकार मान्य केला होता.' म्हणजे गप्प बसलं तरी पंचाईत, बोललं तरी पंचाईत.

यावर मधली वाट आहे. तिकडच्या वकिलामार्फत फक्त अधिकारक्षेत्राला हरकत घ्यायची: 'या कोर्टाला माझ्यावर अधिकार नाही, मी हा मुद्दा राखून ठेवून हजर होतेय.' अमेरिकी कायद्यात यासाठी जागा आहे. तिथं असंही तत्त्व आहे की, एका जोडीदाराच्या वास्तव्यावर कोर्ट लग्न मोडू शकतं, पण दुसऱ्यावर अधिकार नसेल तर त्याचे पोटगीचे हक्क संपवू शकत नाही. मात्र ताई स्वतः अनेक वर्षं न्यू जर्सीत राहिलेली असेल, तर तिच्यावर अधिकार नाही हे पटवणं अवघड जाईल. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक वकील इकडचा आणि एक तिकडचा, असे दोघांशी बोलावं लागतं. ३५ दिवस भुर्रकन जातात.

पैशांचं गणित

कॅलिफोर्निया आणि टेक्साससारख्या काही राज्यांत लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची धरली जाते. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये 'न्याय्य' वाटणी होते; ती अर्धी-अर्धीच असेल असं नाही.

हिंदू विवाह कायद्यात अशी वाटणी नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. बायकोला स्त्रीधन आणि पोटगी मागता येते, पण नवऱ्याच्या कमाईत आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. पोटगीच्या वेळी उत्पन्न लपवण्याचे खेळ चालतात म्हणून २०२० मध्ये नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. गोव्याचं मात्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथं मालमत्ता दोघांची सामाईक होते.

मग ताईनं सरळ न्यू जर्सीतच लढावं का? उत्तर मालमत्तेच्या पत्त्यावर आहे. पगार आणि घर तिकडं असेल तर तिकडचं कोर्ट ते थेट वसूल करून देऊ शकतं. पण जिजूंचे पैसे पुण्यातल्या दोन फ्लॅटमध्ये असतील, तर अमेरिकी कोर्टाचा पैशांचा हुकूम इथं थेट बजावता येत नाही, कारण अमेरिका आपल्या 'परस्पर मान्यता' दिलेल्या देशांच्या यादीत नाही. त्या निकालाच्या आधारे इथं नवा दावा करावा लागतो. ब्रिटन, सिंगापूर आणि २०२० पासून संयुक्त अरब अमिराती या यादीत आहेत. उलट बाजूनंही तसंच: नाशिकच्या कोर्टानं पोटगी ठरवली, पण जिजूंचा पगार न्यू जर्सीत जमा होत असेल, तर ती वसूल करणं ही वेगळीच लढाई.

एक दार मात्र अनेकांना माहीत नसतं. इंग्लंडमध्ये १९८४ चा एक कायदा आहे. घटस्फोट दुसऱ्या देशात झाला असला तरी इंग्लंडशी पुरेसा संबंध असेल तर तिथल्या कोर्टात आर्थिक वाटा मागता येतो. नायजेरियात घटस्फोट झालेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात २०१० मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं बायकोचा लंडनच्या घरातला वाटा कायम केला. दोघं ब्रिटिश नागरिकही होते, हे महत्त्वाचं.

मुलं मध्ये असतील तर

इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या सहजासहजी दुरुस्त होत नाहीत. समजा, ताईबरोबर पाच वर्षांचा पिल्लूही आलाय. मावशी म्हणते, 'आता परत पाठवूच नकोस त्याला.' मावशीची माया कळते, पण कायदा वेगळं बोलतो.

अमेरिकेत जवळजवळ सगळ्या राज्यांत नियम आहे की, ताब्याचा निर्णय मुलाच्या 'होम स्टेट'नं घ्यायचा, म्हणजे खटल्याआधीचे सहा महिने मूल जिथं राहत होतं त्या ठिकाणच्या कोर्टानं. पिल्लूचं 'होम स्टेट' न्यू जर्सी. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर ठेवणं हा तिथं १९९३ च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे. सुट्टीसाठी संमतीनं आलेलं मूल परत न पाठवणं यातही धोका आहे.

भारतानं मुलांच्या परत पाठवणीबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही. त्यामुळं इथली कोर्टं परदेशी आदेश डोळे झाकून पाळत नाहीत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, मुलाचं हित सगळ्यात आधी, परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक. पण याचा अर्थ 'भारतात आणलं की मूल आपलं' असा कुणी घेऊ नये. २०१९ मध्ये याच कोर्टानं एका प्रकरणात दोन मुलांना अमेरिकेला परत नेण्याचा आदेश दिला. मूल हे कोर्ट निवडायचं साधन नाही, एवढं तरी घरातल्या मोठ्यांना तुम्ही सांगू शकता.

व्हिसाचा धागा

ताई एच-४ व्हिसावर असेल, म्हणजे जिजूंच्या एच-१बी वर अवलंबून, तर घटस्फोटाचा अंतिम निकाल लागला की तिचा तो दर्जा संपतो. ब्रिटनमध्येही जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांना नातं संपल्याचं कळवावं लागतं आणि तिथं राहायला दुसरा आधार शोधावा लागतो. त्यामुळं 'कुठं लवकर होईल' याचं उत्तर प्रत्येकासाठी सारखं नसतं. जिजूंना लवकर हवं असेल, तर ताईला आधी स्वतःचा वर्क व्हिसा किंवा कॉलेजचा प्रवेश होईपर्यंतचा वेळ हवा असेल. तारीख हाही वाटाघाटीचा मुद्दा आहे.

दोघांचं एका गोष्टीवर पटलं तर

आतापर्यंत भांडणाचं बोललो. पण वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत असेल तर रस्ता बराच सरळ होतो. १९९१ च्या निकालातला तिसरा अपवाद आठवतोय? संमती. ताईनं न्यू जर्सीतल्या घटस्फोटाला मोकळेपणानं, समजून उमजून लेखी संमती दिली तर तो कागद इथंही टिकतो.

किंवा दोघं इथं येऊन हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीनं घटस्फोट घेऊ शकतात. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून दोघं मिळून अर्ज करू शकतात. चूक कुणाची, हा प्रश्नच उरलेला नाही. अर्जानंतर २० आठवडे आणि मग सहा आठवडे थांबायचं. मात्र लग्नाला एक वर्ष झालेलं हवं.

मालमत्ता दोन देशांत असेल तर समंजस जोडपी एकच तडजोडपत्र करतात आणि त्यावर दोन्हीकडच्या कोर्टांची मोहोर उमटवून घेतात. वकिलांची फी दोनदा जाते, पण पुढची दहा वर्षं वाचतात.

मग देश ठरवायचा कसा?

वकिलाकडं जाण्याआधी ताईबरोबर एक कोरा कागद घेऊन बसा आणि चार प्रश्न लिहा.

पहिला: पुढची वीस वर्षं तू कुठं राहणार आहेस? कागद तिथं टिकायला हवा. परत भारतातच यायचं असेल, तर भारतात न टिकणारा घटस्फोट काय कामाचा?

दुसरा: पैसा कुठल्या देशात आहे? हुकूम जिथं वसूल होईल तिथलं कोर्ट कामाचं.

तिसरा: मूल गेले सहा महिने कुठं राहतंय?

चौथा: लग्न कोणत्या कायद्याखाली झालं? हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा १९५४, की वकिलातीत परदेशी विवाह कायदा १९६९ खाली? ख्रिश्चन, मुस्लिम आणि पारशी लग्नांचे नियम आणखी वेगळे. भारतात टिकणारी कारणं तिथूनच ठरतात.

चारही उत्तरं एकाच देशाकडं बोट दाखवत असतील, तर निर्णय झाला. दोन देशांकडं दाखवत असतील, तर भांडत बसण्यापेक्षा संमतीनं मिटवणं दोघांनाही स्वस्त पडेल, हे त्या कागदावरच दिसेल.

आणि तुमचं काय?

तुमच्यातले किती तरी जण दोन-तीन वर्षांत म्युनिक, मेलबर्न किंवा टोरांटोला असतील. कुणी तिथंच कुणाच्या प्रेमात पडेल, कुणी सुट्टीत येऊन पंधरा दिवसांत लग्न करून जाईल. हॉल, मेन्यू, फोटोग्राफर यांवर महिनाभर चर्चा होते. त्यातली दहा मिनिटं या प्रश्नालाही द्या: लग्नाची नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची? विवाह प्रमाणपत्राची स्कॅन प्रत दोघांच्याही ई-मेलवर ठेवा. घर, कर्ज, खाती कुणाच्या नावावर आहेत, ते दोघांनाही माहीत असू द्या. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद स्वतःजवळ ठेवा. यात अविश्वास कसला? घर भाड्यानं घेतानासुद्धा आपण करार वाचतोच की.

राहता राहिली नाशिकची ती सकाळ. मोबाइल अजून तुमच्या हातात आहे. पीडीएफ कितीही क्लिष्ट असू दे, त्यातून पाच गोष्टी शोधून कागदावर उतरवा: कोर्टाचं नाव, केस नंबर, अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, उत्तराची शेवटची तारीख आणि घटस्फोटाचं दिलेलं कारण. ती पीडीएफ कशी आणि कधी आली, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नोटीस रीतसर बजावली गेली का, हा पुढं मुद्दा होऊ शकतो. 'ठीक आहे', 'मान्य आहे' असा कुठलाही मेसेज जिजूंना परस्पर जाऊ देऊ नका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्षही २००९ पासून अशी प्रकरणं बघतो.

मग मावशीला पाणी द्या, काकांना जिजूंना फोन लावण्यापासून थांबवा आणि ताईला तिच्याच भाषेत समजावून सांगा की यात काय लिहिलंय. तिकडं जायचं की इथं राहायचं, लढायचं की मिटवायचं, हे तिनं ठरवायचं आहे. तिच्याकडं त्यासाठी ३५ दिवस आहेत, त्यातला एक आज संपतोय.